दुसऱ्या खणातला आवाज

जोएल, अनुजा,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे. एका वार्षिकाच्या संपादकांनी माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलं, म्हणून ते आधी छापलं जाईल आणि मग तुमच्याकडे येईल, एवढंच. वाचताना कुठे अडलात तर बाबांना विचारा. बाबांनी मात्र मधले भाग गाळून सांगू नयेत, असं त्यांना माझ्यातर्फे बजावून ठेवा.

आत्ताच लिहिण्याचं कारण असं. उन्हाळ्यात अनुजाने फोनवर विचारलं, "आजी, आजोबांचा एखादा व्हिडिओ पाठव ना." शाळेत प्रत्येकाने आपल्या घरच्या एका माणसाविषयी बोलायचं होतं आणि तिने आजोबांना निवडलं होतं. तुम्ही दोघं जन्माला यायच्या आधीच ते गेले. मी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला नाही. नगर जिल्ह्यातली कितीतरी लग्नं तुमच्या आजोबांनी कॅमेऱ्यात घेतली, पण ते स्वतः एकाही चित्रणात नाहीत, कारण ते कायम कॅमेऱ्याच्या मागे उभे असत. तेव्हा जोएल मागून म्हणाला, "मग आवाज तरी असेलच की. कॅमेऱ्यात आवाजपण जातो."

जोएल, तू बरोबर बोललास. आवाज जातो. तो पुढे कुठे जातो, हे मला त्या दिवशी फोनवर सांगता आलं नाही. ते आता सांगते. मध्ये थोडं आमच्या धंद्याविषयी सांगावं लागेल, तेवढं सोसा.

नगरला एका शिंप्याच्या दुकानावर आमची खोली होती. बाहेर 'व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग' अशी पाटी. आजोबा कॅमेरा घेऊन गावोगाव जात, अकोले तालुक्यातल्या डोंगरापासून शेवगाव-पाथर्डीपर्यंत. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, एका शाळेत इंग्रजीच शिकवत होते. आमच्याकडे मिक्सिंगचा संगणक आला तेव्हा त्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. आजोबांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तू वाच आणि मला मराठीत सांग." सांगता सांगता त्या खुर्चीवर मीच बसले ती कायमची. शाळा सुटली, याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं.

मिक्सिंग म्हणजे काय, तर लग्नातून आणलेल्या लांबलचक चित्रणातलं नको ते काढायचं, हवं ते जोडायचं आणि सगळ्यावर गाणी टाकायची. हळदीला हळदीचं गाणं, वरातीला वरातीचं, मुलगी निघाली की रडवणारं. चर्चमधलं लग्न असो, मांडवातलं असो की निकाह असो, गिऱ्हाइकाची मागणी एकच असे: आवाज काढा आणि गाणी टाका. त्यात त्यांचंही चुकत नव्हतं. लग्नातला खरा आवाज ऐकवत नाही. जनरेटर धडधडत असतो, ताटं आदळत असतात, कुणीतरी पाण्यासाठी ओरडत असतं. आणि या सगळ्यावर एक आवाज चढलेला असतो, तो कॅमेरावाल्याचा. माईक कॅमेऱ्यावरच बसवलेला असतो आणि त्याच्या सर्वांत जवळचं तोंड त्याचंच असतं.

त्यामुळे मी दिवसभर तुमच्या आजोबांनाच ऐकत असे. "मावशी, जरा बाजूला." "नवरदेव, इकडं बघा. हसा थोडं. थोडंच." "मामा, वायरीवर पाय देऊ नका, अंधार होईल." ते कधी गुणगुणत, कधी खोकत, कधी जेवणाच्या वासाने स्वतःशीच काही पुटपुटत. माझं निम्मं काम तुमच्या आजोबांचा आवाज पुसण्याचं होतं. मी ते नीट करत असे. एक शब्दही राहू देत नसे.

मूळ चित्रणही आम्ही ठेवत नव्हतो. तेव्हाच्या संगणकात जागाच एवढीशी होती की एका लग्नाची चकती, म्हणजे सीडी, गिऱ्हाइकाला दिली की ते पुसायचं, तरच पुढचं लग्न आत मावायचं. कॅसेटही पुसून पुन्हा वापरायची. नगरमधले सगळेच तसं करत. आजोबांना मात्र ते पसंत नव्हतं. ते म्हणत, "दिसायला सगळं दिसेल, पण माणसं काय बोलली ते कसं कळणार? आवाज टाकून देऊ नकोस, ठेव कुठंतरी." मी विचारायची, कुठे ठेवू? आणि ते पुढच्या लग्नाला निघून जायचे.

मग डीव्हीडी आल्या आणि त्या इंग्रजी पुस्तकात मला जागा सापडली. एका चकतीत एकाच चित्राला एकाहून जास्त आवाज जोडता येतात, असं त्यात लिहिलं होतं. सिनेमावाले हे वेगवेगळ्या भाषांसाठी वापरतात, रिमोटवर त्याचं बटणही असतं. मी पहिल्या आवाजात गाणी ठेवली आणि दुसऱ्यात लग्नाचा खरा आवाज जसाच्या तसा टाकला. तो साफसूफ करत बसले नाही, कारण तो ऐकणार कोण? आजोबा खूश झाले. चकती देताना प्रत्येकाला ते बटण दाखवत. लोक मान डोलावत आणि घरी जाऊन पहिला, गाण्यांचाच आवाज लावत.

हे दोन-एक लग्नसराया चाललं. मग नगरच्याच एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी पाहुणे जमलेले असताना लग्नाची चकती लागली. व्याही-विहीण कोचावर बसलेले. घरातल्या नातवाने रिमोट हातात घेऊन सगळी बटणं दाबून पाहिली. गाणं बंद झालं आणि भरल्या खोलीत मुलीच्या मावशीचा आवाज घुमला, की मुलाकडच्यांनी दिलेल्या साड्या पोतेऱ्याला बऱ्या आहेत. मावशी हे लग्नात दुसऱ्या मावशीच्या कानात बोलली होती. कॅमेरा शेजारी उभा होता एवढंच.

दुसऱ्या दिवशी व्यापारी दुकानात आले. चकती त्यांनी मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली होती.

"साळवेभाऊ, मी तुम्हाला गाणी टाकायला सांगितली होती. भांडणं आमच्याकडे घरची आहेत."

आजोबा त्यांच्यासमोर गंभीर राहिले आणि ते जिना उतरून गेल्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. मला काम नेटकं लागतं. त्यांना नवी चकती करून दिली आणि त्या दिवसापासून दुसरा आवाज बंद केला. आजोबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आजोबा गेल्यावर तुमच्या बाबांनी घरातल्या सगळ्या चकत्या लावून पाहिल्या. सगळीकडे गाणी. आजोबांचा फोन साधा बटणांचा होता, त्यातही काही नव्हतं. दुसऱ्या आवाजाची आठवण मला तेव्हा झाली नाही, कारण त्या चकत्या आमच्याकडे नव्हत्याच. त्या लोकांच्या कपाटांत होत्या.

पुढे काही वर्षं मी दुकान चालवलं. मग मोबाईल आले, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा झाला आणि मी खोली सोडली. एक संगणक आणि चकती वाचणारं एक जुनं यंत्र घरी आणलं. शूटिंग संपलं, पण माणसं येत राहिली, आणि सगळ्यांची तक्रार एकच: "मॅडम, फाईल हाय पन चालत न्हाई."

फाईल असून चालत नाही म्हणजे काय, हे तुम्हाला एकदा नीट सांगते. व्हिडिओची फाईल म्हणजे जेवणाचा डबा समजा. एका खणात चित्र असतं, दुसऱ्यात आवाज, कधी तिसऱ्यात आणखी एक आवाज, कधी खाली उमटणारी अक्षरं. शिवाय एक चिठ्ठी असते: कुठल्या चित्राबरोबर कुठला आवाज वाढायचा. एव्हीआय, एमपीफोर, एमकेव्ही, डीव्हीडीतली व्हीओबी ही या डब्यांच्या घडणीची नावं. डब्यात काय आणि कसं भरलं आहे, ते या नावावरून पुरतं कळत नाही. चित्र लहान जागेत दाबून भरण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, त्यांना कोडेक म्हणतात. म्हणजे टीव्हीला दोन गोष्टी यायला हव्यात. डब्याची कडी उघडता यायला हवी, आणि आतला पदार्थ ओळखीचा असायला हवा. एक जरी जमलं नाही तरी तो 'चालत नाही' म्हणतो. अकोल्याचे एक शिक्षक फाईलच्या नावाचं शेपूट बदलून आणत, एव्हीआय खोडून एमपीफोर लिहीत, आणि तरी चालत नाही म्हणून संगणकावर रागवत. लोणच्याच्या बरणीवर मुरांब्याची चिठ्ठी लावल्यासारखं आहे ते, असं मी त्यांना सांगितलं. ते माझ्यावर रागावले.

आता त्या दिवसाकडे येते. अनुजाच्या फोननंतर काही महिन्यांनी शेवगावहून यासीन नावाच्या एका टेम्पोवाल्याचा फोन आला. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये आहे, नवीन टीव्ही घेतलाय, गाणी ऐकू येतात पण पडदा काळा राहतो. मी त्याला सांगितलं, टीव्ही बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मला त्याच्या मागे लिहिलेला मॉडेलचा नंबर हवा होता. दोन दिवसांनी दारात टेम्पो थांबला. यासीन आणि त्याची बायको नसीमा उतरली आणि मागून त्यांनी गोधडीत गुंडाळलेला टीव्ही उतरवला.

"एवढा टीव्ही कशाला आणलात?"

"तुमीच म्हनलात, बघितल्याशिवाय सांगता येनार न्हाई. मग आनला."

"नशीब माना मॅडम," नसीमा म्हणाली. "पत्र्यावरची डिश सोडवाय निघालते. मी धरून ठिवलं."

टीव्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर उभा केला. यासीन म्हणत होता तसंच झालं: काळा पडदा आणि त्यामागे मोठ्याने गाणं. संगणकावर फाईल तपासली. डबा एव्हीआयचा होता. आवाज साध्या पद्धतीने भरलेला, तो टीव्हीला येत होता. चित्र मात्र एका जुन्या पद्धतीने दाबलेलं होतं. ती पद्धत नवीन टीव्हीवाल्यांनी सोडून दिली आहे. म्हणजे कडी उघडली, एक खण ओळखीचा निघाला, दुसऱ्याला टीव्हीने हात लावला नाही. मी चित्र नव्या पद्धतीने भरून एमपीफोरच्या डब्यात घातलं. तासाभरात पडद्यावर नसीमाचं लग्न दिसायला लागलं.

सुरुवातीची अक्षरं पाहूनच मी ओळखलं की हे लग्न आमचं. बदामाच्या आकारातून नावं उगवायची, तो माझाच नमुना. यासीन स्वतःचा शेरवानीतला फोटो पाहून लाजला. नसीमाने त्याला विचारलं की ह्यातला बारीक माणूस कुठं ठिवला. हसतखेळत बिदाईपर्यंत आलो.

बिदाईत नसीमाचे वडील तिच्यासमोर उभे होते. तिसगावात गाद्या भरण्याचं काम करणारा उंच, वाकलेला माणूस, टोपीवर अजून कापूस. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाकून तिच्याशी बोलू लागले. बराच वेळ बोलत होते. वर माझं गाणं चाललं होतं.

"मॅडम, हे गानं बंद करता येतं का?" नसीमाने विचारलं.

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तसं न्हाई. गान्याखालचं ऐकायचंय. अब्बा काय बोलत्यात ते."

यासीन खाली बघायला लागला. मग तिनेच सांगितलं. अब्बा गेल्या हिवाळ्यात गेले. ते घरात कमी बोलणारे, पोरींशी तर फारच कमी. त्या दिवशी तेवढे बोलले. "सगळी म्हनत्यात तू तर समोरच हुतीस. मी हुते. पन मी नुस्ती रडत हुते, मॅडम. एक शब्द ऐकला न्हाई. वाटलं, व्हिडिओत हाय, नंतर ऐकू."

यासीन टीव्हीवर चित्र दिसावं म्हणून आला होता. नसीमा कशासाठी आली होती ते मला तेव्हा समजलं.

आणि त्याच वेळी लग्नाचं साल डोळ्यांपुढे आलं. ते त्या दोन लग्नसराईंतलंच होतं. मी त्यांना म्हटलं, थांबा. फाईल पुन्हा उघडून तिच्या खणांची माहिती काढली. चित्र एक, आवाज एक. दुसरा आवाज नव्हता.

तो कसा गेला ते तिथंच कळत होतं. चकतीवरून पेनड्राइव्हमध्ये भरणारं सॉफ्टवेअर चित्र घेतं आणि पहिला आवाज घेतं. बाकीचे खण हवेत का, असं ते विचारत नाही, आणि आत आणखी काही आहे हे माहीत नसलेला माणूस सांगतही नाही. व्हिडिओ चालतो, गाणं वाजतं, सगळे समाधानी असतात. मी नसीमाला सांगितलं की मूळ चकतीत अब्बांचा आवाज असेल, गाण्याच्या शेजारी, वेगळा. ती ताडकन उठली. चकती माहेरी होती, तिसगावला. तिने भावाला, सलीमला, फोन लावला.

सलीम म्हणाला, "चकती रानात हाय की, आपा. पाखरांसाठी लावली."

आमच्याकडे बाजरी दाण्यावर आली की पाखरं उतरतात. त्यांना बुजवायला शेतात काठ्या रोवून चमकणाऱ्या चकत्या टांगतात. हे मी रस्त्याने जाताना अनेकदा पाहिलं होतं आणि छान युक्ती आहे असं मला वाटलं होतं.

टीव्ही पुन्हा गोधडीत गेला, मी टेम्पोच्या केबिनमध्ये त्या दोघांच्या शेजारी बसले आणि आम्ही करंजीचा घाट ओलांडून तिसगावला गेलो. वाटेत यासीन एकदा म्हणाला की पाऊस कमी झालाय ते बरं.

रान गावाबाहेर होतं. बाजरी माझ्या डोक्याच्या वर. बांधावर पोचलो तेव्हा एक बारीक, सलग घूं घूं ऐकू येत होती. ती कशाची म्हणून विचारलं, तर सलीमने बोट दाखवलं. काठ्यांच्या मध्ये जुन्या व्हिडिओ कॅसेटची फीत ताणून बांधली होती, आणि वाऱ्यावर ती वाजत होती. ती कुणाच्या लग्नाची हे त्यालाही माहीत नव्हतं.

सलीम फार शरमला होता. "डीव्हीडीचं मशीन बंद पडलं, मॅडम. पेनड्राइव्हमधी सगळं भरून घेतलं. लावून बघितलं, दिसत बी हुतं, वाजत बी हुतं. मग चकती ठिवून करायचं काय?" त्याच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. नसीमा त्याच्यावर रागावली नाही. ती आत शिरली आणि एकेक चकती उलटून पाहू लागली. एक खताच्या जाहिरातीची, एक कव्वालीची, दोन कोऱ्या. बांधाजवळच्या काठीवर माझं अक्षर होतं. शाई उडाली होती, पण मी नाव लिहिल्यावर खाली बारीक रेघ ओढते, ती रेघ राहिली होती.

चकती हातात घेतल्यावर मला अंदाज आला, पण तो मी नसीमाला लगेच सांगितला नाही. घरी लिहिलेल्या चकतीत एक रंग असतो, त्यातच सगळं नोंदलेलं असतं, आणि तो उन्हात उडतो. कडेचा रंग गेला होता, मधल्या भोकाभोवतीचा थोडा शिल्लक होता. चकती मधून लिहायला सुरुवात होते आणि लिखाण बाहेर बाहेर जातं. लग्नाची सुरुवात मध्ये. बिदाई कडेला.

घरी आणून मी ती ओल्या मऊ फडक्याने पुसली, माझ्या जुन्या यंत्रात घातली आणि खराब जागा सोडून पुढे वाचणारं सॉफ्टवेअर लावलं. यंत्र अडखळायचं, मागे यायचं, पुन्हा प्रयत्न करायचं. हे दोन दिवस चाललं. हळदीचा भाग आला. निकाहचा थोडा आला. पंगतीचा बराच आला. त्यानंतर चित्र चौकोनांत फुटलं आणि पुढे काहीच आलं नाही. मी कडेकडून, उसन्या आणलेल्या दुसऱ्या यंत्रावर, हळू वेगाने, सगळं करून पाहिलं. बिदाई गेली ती गेली. नसीमाचे अब्बा तिच्याशी काय बोलले, ते आता कुणालाही कळणार नाही.

आलेल्या तुकड्यात दोन आवाज होते. मी दुसरा लावला.

आधी भांडी. मग जनरेटर. मग माझ्या अगदी कानाशी, "मावशी, जरा बाजूला. पोरीचं तोंड दिसू द्या."

मी खुर्चीत बाजूला सरकले. मग लक्षात आलं आणि हात कळफलकावर तसेच ठेवून बसून राहिले.

नसीमाला आणि यासीनला मी बोलावून घेतलं. बिदाईचं आधीच सांगून टाकलं, आशेवर ठेवलं नाही. ती म्हणाली, जे हाय ते लावा.

पंगतीचा भाग लावला. ताटांच्या गोंगाटात तिचे अब्बा चित्रात येतात, हातात पाण्याचा जग. घरात ते त्यांच्या घरच्याच बोलीत बोलत.

"नसीमा कुछ खाई क्या? किसीने पूछे क्या उसकू?"

तिच्या आत्याचा आवाज येतो, "खाई, खाई. तुम जाव मेहमानां में."

"खोटं बोलली फुपू," नसीमा पडद्याकडे बघत म्हणाली. "मी सकाळपास्नं उपाशी हुते."

तिने तो भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा, आणि पुन्हा. अब्बांचं वाक्य संपलं की दर वेळी ती फुपूला उत्तर देत होती. यासीन उठून बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला.

त्या वाक्यानंतर लगेच तुमचे आजोबा बोलतात.

"चाचा, इकडं बघा एकदा."

"माझं काय काढता, साळवेभाऊ. पोरीचं काढा."

"पोरीचंच काढतोय. तुम्ही मध्ये उभे आहात."

दोघंही हसतात. अब्बांचं हसू चित्रात दिसतं, आजोबांचं नुसतं ऐकू येतं. त्या हसण्याने कॅमेरा हलतो, म्हणून चित्रही हलतं. असे हललेले तुकडे मी त्या काळात सरसकट कापत असे. हा कसा राहिला, मला आठवत नाही.

नसीमाला तो सगळा तुकडा भरून दिला. तिच्यासाठी खरा आवाज पहिल्या खणात ठेवला, म्हणजे कुठल्याही टीव्हीवर, कुठल्याही मोबाईलवर तोच आधी लागेल. अब्बांचं वाक्य वेगळं काढून तिच्या फोनमध्येही टाकलं. निघताना मी तिला विचारलं, आमच्या साहेबांचा आवाज आहे त्यात, नातवंडांना परदेशी पाठवू का? ती म्हणाली, "पाठवा की. अब्बा कधी मुंबईला गेले न्हाईत. तेबी जातील."

त्यानंतर मी आठवतील त्या सगळ्यांना फोन केले. त्या दोन लग्नसराईंतली गिऱ्हाइकं, नगरची, शेवगावची, अकोल्याची. सगळे आनंदाने बोलले, सगळ्यांना आजोबा आठवत होते. चकती कुणाकडे नाही. कुणी घर बदलताना टाकली, कुणाची मुलांनी खेळून मोडली, एकीने तिच्यावर मातीची पणती ठेवली आहे. सगळ्यांकडे लग्न आहे, पेनड्राइव्हवर किंवा मोबाईलमध्ये, आणि ते व्यवस्थित चालतं. गाण्यासकट. कापडाच्या व्यापाऱ्यांनाही मी फोन केला. त्यांची सून म्हणाली, ती पहिली चकती सासऱ्यांनी त्याच दिवशी मोडून टाकली. मावशी अजून आहेत, ठणठणीत आहेत, हेही तिने सांगितलं.

तर मुलांनो, शिल्लक काय आहे ते असं. आजोबांनी घेतलेल्या सगळ्या लग्नांपैकी एका लग्नाचा हळदीपासून पंगतीपर्यंतचा तुकडा आहे. तो मी एमकेव्हीच्या डब्यात ठेवला आहे, मूळ चित्र आणि दोन्ही आवाज, काही न दाबता, काही न कापता. एक प्रत माझ्याकडे, एक नसीमाकडे, एक बाबांकडे पाठवली आहे. तुमच्या प्रतीत मी खण हलवले नाहीत, चकतीत होते तसेच ठेवले. ती उघडलीत की आधी गाणं लागेल. आवाजाच्या यादीत जाऊन दुसरा निवडा आणि पंगतीपर्यंत या. ताटांचा आवाज येईल, एक माणूस मुलगी जेवली का विचारेल, आणि त्याला बाजूला व्हायला सांगणारा जो आवाज आहे, ते तुमचे आजोबा.